शर्यतीचा अंदाज : रेसकार्डवरून संभाव्य विजेता कसा ठरवतात

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा पुण्यात शर्यती असल्या की त्या दिवशी सकाळी काही वृत्तपत्रांत एक लहानसा स्तंभ छापून येतो. प्रत्येक शर्यतीपुढे दोन-तीन घोड्यांची नावे असतात, शेवटी दिवसाची सर्वोत्तम पैज म्हणून एक नाव असते आणि तेथे स्तंभ संपतो. कारणे बहुधा दिलेली नसतात. त्यामुळे खेळाची ओळख नसलेल्या वाचकाला ती नावे राशिभविष्याच्या शेजारी छापलेली आणखी एक भविष्यवाणी वाटली तर नवल नाही. प्रत्यक्षात त्या तीन नावांमागे वजन, अंतर, मैदान, सराव आणि भाव यांचा हिशेब असतो, आणि रेसकार्ड हाती असेल तर तो हिशेब कोणालाही पडताळून पाहता येतो.

गोव्यात रेसकोर्स नाही. गोमंतकीय वाचकाचा या खेळाशी संबंध येतो तो मुंबई-पुण्याच्या वाटेने. मराठी संस्थानिकांच्या शहरांतूनही तो आता जवळपास लोपला आहे. इंदुरात ‘रेसकोर्स रोड’ हे नाव रस्त्याला उरले आहे. त्याच शहरातून उज्जैनच्या दिशेने जाणारा सांवेर रोड कारखान्यांच्या वसाहतीसाठी ओळखला जातो. ज्या होळकरांची सत्ता घोडदळाच्या बळावर उभी राहिली, त्यांच्या राजधानीत आज नियमित शर्यती होत नाहीत. पश्चिम भारतातील शर्यतींची सूत्रे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. या संस्थेचे मूळ १८०२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टर्फ क्लबमध्ये आहे. भायखळ्याला होणाऱ्या शर्यती १८८३ मध्ये महालक्ष्मीला आल्या. साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल हा मुंबईचा हंगाम आणि जुलै ते ऑक्टोबर हा पुण्याचा. महालक्ष्मीच्या २११ एकर जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपल्यानंतर तिच्या भवितव्यावर दहा वर्षे वाद चालला. २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे गेली आणि ९१ एकर क्लबकडे राहिली.

अंदाजाचे शास्त्र समजून घेण्यापूर्वी त्याला कायद्यात असलेले स्थान पाहणे आवश्यक आहे, कारण भारतात हा खेळ वैध ठरला तोच मुळी अंदाज बांधता येतो या आधारावर. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणे हे मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, निव्वळ दैवावर नव्हे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. घोड्याचा वंश, त्याला मिळालेले प्रशिक्षण, त्याची अलीकडची कामगिरी, जॉकीचे कसब, वाहायचे वजन, शर्यतीचे अंतर या सर्वांचा अभ्यास करून पैज लावता येते, हा त्या निकालाचा गाभा. खटला मद्रास रेस क्लबसंबंधी होता. त्याच क्लबच्या गिंडी येथील जमिनीचा भाडेपट्टा तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, हा दैवाचा भाग म्हणावा लागेल.

मांडवीतील कॅसिनोंच्या जहाजांमुळे गोव्यात जुगार हा शब्द रोजच्या चर्चेतला आहे, म्हणून येथे तुलना उपयोगी पडते. रूलेटच्या चक्राला मागच्या फेरीची आठवण नसते. लाल रंग सलग पाच वेळा आला म्हणून सहाव्या वेळी काळा येण्याची शक्यता वाढत नाही. मटक्याच्या आकड्याला आई-बाप नसतात. तो काल कोणत्या मैदानावर, किती वजन घेऊन, कोणाच्या मागे राहिला हे विचारता येत नाही. घोड्याच्या बाबतीत हे सारे विचारता येते आणि त्याची छापील उत्तरे मिळतात.

ही उत्तरे रेसकार्डावर असतात. प्रत्येक घोड्यापुढे त्याचा क्रमांक, वय, रंग, आई-वडिलांची नावे, मालक, ट्रेनर, जॉकी, वाहायचे वजन, रेटिंग, सुरुवातीच्या फाटकातील जागा आणि मागील शर्यतींतील क्रमांकांची ओळ एवढा मजकूर दिलेला असतो. नवखा वाचक या ओळीवर जातो, मागच्या वेळी पहिला आलेला घोडा निवडतो आणि तेथेच फसतो. कारण मागच्या वेळी पहिला आलेल्या घोड्याला या वेळी बहुधा अधिक वजन दिलेले असते.

वजनाचे गणित

शर्यतीच्या दिवशीच्या कार्यक्रमातील बहुतेक शर्यती हँडिकॅप प्रकारच्या असतात. क्लबने नेमलेला हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग देतो. रेटिंगनुसार वर्ग ठरतात आणि वर्गाच्या आत वजने ठरतात. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो, असे प्रमाण आहे. म्हणजे ८६ रेटिंगच्या घोड्याने ६२ किलो वाहायचे असेल तर त्याच शर्यतीतील ६० रेटिंगच्या घोड्याला ४९ किलो मिळतात. या वजनात जॉकी, खोगीर आणि कमी पडेल तेवढे शिसे यांचा समावेश होतो. शर्यत संपल्यावर जॉकीचे पुन्हा वजन होते, आणि ते कमी भरले तर जिंकलेली शर्यतही हातची जाऊ शकते.

हँडिकॅपरचे उद्दिष्ट असे की सर्व घोडे अंतिम रेषेवर एकाच वेळी पोहोचावेत. तसे कधी होत नाही, पण तो प्रत्येक शर्यतीनंतर आपले आकडे त्या दिशेने सरकवत राहतो. म्हणून अंदाज लिहिणाऱ्याचा खरा सामना घोड्यांशी नसतो, हँडिकॅपरशी असतो. हँडिकॅपरने दिलेला आकडा कोठे चुकला आहे हे शोधणे म्हणजेच संभाव्य विजेता शोधणे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १६०० मीटरच्या शर्यतीत दोन घोड्यांनी समान वजन वाहिले आणि पहिल्याने दुसऱ्याला तीन लांबींनी हरवले. घोड्याची एक लांबी सुमारे अडीच मीटरची. या अंतरावर साधारण एक किलो वजन म्हणजे एक लांबी, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. (१००० मीटरच्या धावेत एका लांबीसाठी याहून जास्त वजन लागते, २४०० मीटरवर कमी, अंतर जितके लांब तितका प्रत्येक किलो अधिक जाणवतो.) हँडिकॅपरने विजेत्याचे रेटिंग सहा गुणांनी वाढवले की पुढच्या भेटीत तो तीन किलो अधिक वाहणार. कागदावर दोघे बरोबरीत आले. आता प्रश्न असा की त्या तीन लांबी खऱ्या होत्या काय? विजेत्याचा लगाम शेवटच्या शंभर मीटरवर जॉकीने सैल सोडला असेल तर तो पाच लांबींनीही जिंकू शकला असता. मग तीन किलोंची वाढ त्याला अपुरी आहे आणि तो पुन्हा जिंकण्याची शक्यता मोठी. उलट दुसरा घोडा वळणावर इतरांच्या मागे कोंडला गेला असेल आणि वाट मिळेपर्यंत शर्यत संपली असेल, तर तीन लांबींचा फरक फसवा आहे आणि या वेळी नाव त्याचे लिहायला हवे. केवळ निकालाचा तक्ता पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. म्हणून चांगला अंदाजकार मागच्या शर्यतीचे चित्रण पुन्हा पाहतो, आणि जिंकलेल्या घोड्यापेक्षा चौथ्या-पाचव्या आलेल्यांकडे अधिक वेळ देतो.

याच न्यायाने वरच्या वर्गातून खाली उतरलेला घोडा लक्ष वेधतो. वरच्या वर्गात सलग चार शर्यतींत मागे राहिल्याने त्याची अंकांची ओळ वाईट दिसते, भाव चांगला मिळतो; पण ज्यांच्याकडून तो हरला ते आजच्या शर्यतीत नाहीत. शिकाऊ जॉकीला जिंकलेल्या शर्यतींच्या संख्येनुसार काही किलोंची सूट मिळते, तीही या हिशेबात धरावी लागते. सूट दोन-तीन लांबींची आणि जॉकीचा अननुभव पाच लांबींचा, असे मात्र अनेकदा घडते.

अंतर आणि वंश

थरोब्रेड जातीचे सर्व घोडे नरवंशाने इंग्लंडात आणलेल्या तीन पूर्वेकडील घोड्यांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे वंशावळ ही या खेळाची जुनी हौस आहे. परंतु वंशावळीचा अंदाजासाठी खरा उपयोग एवढाच की घोडा किती अंतर पेलेल याचा सुगावा त्यातून लागतो. ज्याने आजवर १२०० मीटरच केले तो आज १६०० मीटर धावणार असेल, तर त्याच्या आई-वडिलांखेरीज दुसरा पुरावा नसतो.

याचे एक सुंदर उदाहरण मराठी वाचकाच्या जवळचे आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. त्या काळी तो विक्रम होता. एवढी किंमत येण्याचे कारण म्हणजे त्याचा सख्खा भाऊ दांते, जो त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. महाराजांनी आपल्या घोड्याला आजोबांचे नाव दिले : सयाजीराव. १९४७ च्या डर्बीत, म्हणजे सुमारे २४०० मीटरवर, सयाजीराव तिसरा आला. त्याच वर्षी आयरिश डर्बी आणि मग सुमारे २९०० मीटरची सेंट लेजर त्याने जिंकली. वंशाने त्याच्यात दर्जा आहे हे सांगितले होते, पण इंग्लंडात त्याला योग्य असे अंतर सापडायला सप्टेंबर उजाडला. या महाराजांच्याच ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या फिलीने १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी जिंकली होती.

फेब्रुवारीत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि ती हँडिकॅप नाही. नरांना समान वजन आणि फिलींना दीड किलोंची सूट, एवढाच भेद. म्हणून क्लासिक शर्यतींचा अंदाज वेगळ्या पद्धतीने बांधला जातो : तेथे हँडिकॅपरची चूक शोधायची नसते, सर्वांत चांगला घोडा शोधायचा असतो. भारतात सर्व थरोब्रेडचे वय १ जानेवारीला एकाच वेळी वाढलेले धरतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये १६०० मीटरच्या इंडियन टू थाउजंड गिनीजमध्ये तीन वर्षांचे म्हणून धावलेले घोडे डर्बीत चार वर्षांचे होऊन येतात. गिनीजचा विजेता डर्बीत फेव्हरिट असतोच, आणि वाढलेल्या ८०० मीटरांत त्यांपैकी कितीतरी थकतात.

मैदान, फाटक आणि सकाळचा सराव

पावसाळ्यात पुण्याची माती ओली असते तेव्हा मैदान जड होते आणि वेळा मंदावतात. मैदानाची कठीणता पेनिट्रोमीटर या साध्या उपकरणाने मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात. ओल्या मैदानावर ज्याने आधी धावून दाखवले आहे त्याचे पारडे जड. आतल्या बाजूचे गवत वाचवण्यासाठी कधी कधी कठडा बाहेर सरकवलेला असतो, त्याला फॉल्स रेल म्हणतात. अशा दिवशी वळण अरुंद होते आणि मागून येणाऱ्या घोड्याला वाट मिळणे कठीण जाते. सुरुवातीपासून पुढे राहणाऱ्याला फायदा होतो. फाटकातील जागेचेही तसेच. वळण लवकर येणाऱ्या शर्यतीत बाहेरच्या फाटकातून सुटलेल्या घोड्याला अधिक जमीन कापावी लागते, तर लांब सरळ धाव असेल तर त्या तोट्याची भरपाई होऊ शकते.

सकाळच्या सरावाच्या वेळा हा स्तंभलेखकांचा आवडता आणि सर्वांत दिशाभूल करणारा पुरावा. पहाटे घड्याळ घेऊन उभे राहिलेले लोक वेळा टिपतात आणि त्या ‘६००/४०, इझी’ किंवा ‘६००/३६, पुश्ड’ अशा संक्षेपाने छापल्या जातात. म्हणजे ६०० मीटर ४० सेकंदांत सहज, किंवा ३६ सेकंदांत रेटून. दुसरी वेळ दिसायला चांगली, पण रेटलेल्या ३६ पेक्षा सहज आलेले ३८ पुष्कळदा अधिक सांगून जातात. घोड्याच्या पाठीवर सरावाला हलका मुलगा होता की शर्यतीतला जॉकी, याची नोंद त्या संक्षेपात नसली तर वेळेवर फार भिस्त ठेवू नये. मोठ्या विश्रांतीनंतर धावणाऱ्या घोड्याबाबत मात्र सरावाखेरीज दुसरा आधार नाही.

जॉकीचे महत्त्व किती, यावर एकमत नाही. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे या मराठी नावांनी एकेकाळी महालक्ष्मीचे स्टँड दणाणत असत, आणि पुढे पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली. उत्तम जॉकी मंद घोड्याला वेगवान करू शकत नाही. तो चूक करत नाही, एवढेच. पण दहा घोड्यांच्या घोळक्यात ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने क्षणार्धात निर्णय घ्यायचा असतो, तेथे चूक न करणे हीच मोठी गोष्ट आहे. त्या चुकीची किंमत पैशांतच मोजली जाते असे नाही. १९७९ मध्ये तरुण जॉकी कार्ल उमरीगर यांचा शर्यतीत पडून झालेल्या दुखापतीने मृत्यू झाला. एका ट्रेनरचे दोन घोडे एकाच शर्यतीत असतील तर त्याच्या पहिल्या पसंतीच्या जॉकीने कोणता निवडला, हे अंदाजकार आवर्जून पाहतो. घोडा मुद्दाम ‘ओढला’ गेला, अशी कुजबुज तर प्रत्येक हरलेल्या फेव्हरिटमागे ऐकू येते. स्टुअर्ड चौकशी करतात, दोषी जॉकीला निलंबित करतात. तरीही अशा कुजबुजीवर आधारलेला अंदाज लिहिण्यासारखा नसतो.

भाव

नाव बरोबर येणे आणि पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वृत्तपत्रातील स्तंभ सांगत नाही, कारण स्तंभ छापला जातो तेव्हा भाव ठरलेले नसतात. जगभरचा ढोबळ अनुभव असा की फेव्हरिट घोडा तीनांपैकी सुमारे एका शर्यतीत जिंकतो. म्हणजे प्रत्येक शर्यतीतील फेव्हरिटचे नाव लिहून देणारा अंदाजकारही एका दिवसात दोन-तीन विजेते दाखवू शकतो आणि त्याचे ऐकणाऱ्याचे खिसे तरीही रिकामे होतात.

समजा अभ्यासांती एखाद्या घोड्याला चारांत एक संधी आहे असे वाटले. शंभर वेळा शंभर रुपये लावले तर १०,००० रुपये गेले आणि पंचवीस वेळा तो जिंकला. भाव एकास दोन असेल तर प्रत्येक विजयाला मुद्दलासह ३०० रुपये, एकूण ७,५००. म्हणजे २,५०० चा तोटा. भाव एकास पाच असेल तर ६०० प्रमाणे १५,००० आणि ५,००० चा नफा. घोडा तोच, अंदाज तोच. बुकी आपला नफा भावातच धरून ठेवतो. टोटमध्ये सर्वांच्या पैजा एकत्र करून क्लबचा वाटा व कर वजा जाता उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. विन आणि प्लेस या साध्या पैजा. पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगायची ‘तनाला’ आणि अनेक शर्यतींचे विजेते एकत्र सांगायचा जॅकपॉट या कठीण पैजा. जॅकपॉटच्या रकमा मोठ्या असतात म्हणून त्यांची बातमी होते. रोजच्या अंदाजाचा कस मात्र विनवर लागतो.

आता या गणितात कर आला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटीची तरतूद पक्की झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. वरचेच उदाहरण घेतले, तर कर वेगळा भरून १०,००० रुपयांच्या पैजा लावायला १४,००० रुपये लागतात. एकास पाच इतका उदार भाव मिळूनही ५,००० चा नफा १,००० वर येतो. त्याशिवाय दहा हजारांवरील जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के आयकर जागीच कापला जातो. ज्याला चारांत एक संधी आहे अशा घोड्याला एकास पाच भाव मिळणे ही रोज घडणारी गोष्ट नव्हे. जेथे भाव एकास चार मिळतो तेथे कराविना असलेला २,५०० चा नफा करासह १,५०० चा तोटा होतो. न्यायालयाने कौशल्य मान्य केले, करपद्धतीने ते कॅसिनोच्या रांगेत बसवले. याचा लाभ कर न भरणाऱ्या बेकायदा बुकीला होतो, कारण त्याच्याकडे तोच घोडा सुमारे एकोणतीस टक्क्यांनी स्वस्त पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने तर पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेदच मानलेला नाही.

आदल्या दिवशी लिहिलेल्या अंदाजाला पुढील गोष्टी ठाऊक नसतात : रात्रीचा पाऊस, सकाळी लंगडत आलेला म्हणून माघार घेतलेला घोडा, ऐन वेळी बदललेला जॉकी. यांपैकी माघार सर्वांत महत्त्वाची. शर्यतीत पुढे राहून धावणारे दोन घोडे असतील तर ते परस्परांना थकवतात आणि मागून येणारा जिंकतो, या गृहीतावर अंदाज बांधलेला असतो. त्यांपैकी एकाने माघार घेतली की उरलेला एकटाच आरामात पुढे राहतो, आणि छापलेल्या तीन नावांत तो तिसरा असेल तर त्याला पहिला करावा लागतो. रेसकोर्सवर माघार घेतलेल्या घोड्यांची यादी पहिल्या शर्यतीपूर्वी फलकावर लागते. नेहमीचे लोक आत शिरल्यावर आधी तेथे जातात, आणि पेन्सिलीने आपल्या कार्डावरची एक-दोन नावे खोडतात.